आत्या तिला कुठे घेऊन जाते

माझ्या मुलीने माझ्या तोंडासमोर चुटक्या वाजवल्या तिथून माझा डाउट पक्का झाला.

तेव्हा ती साडेतीन वर्षांची. रविवार होता, दिवे लावायची वेळ, मी तिला वरणभात भरवत होती आणि एका मांजरीची गोष्ट सांगत होती, माझ्याच मनाची, रोज मी ती वेगळी करते. गोष्ट संपली तशी तिने दोन्ही हात वर केले आणि बोटं एकमेकांवर घासायला लागली. आवाज काही येत नव्हता, एवढीशी बोटं ती, पण चुटक्याच होत्या. मी घास हातात धरून बघत बसली.

आमच्याकडे चुटकी वाजवतात ती जांभई आली की. लेकराने जांभई दिली की आईने पटकन त्याच्या तोंडासमोर चुटकी वाजवायची. माहेरी, मोहने गावात, माझी आई वाजवायची, इथे सासूबाई वाजवतात. का ते विचारलं तर कोण बोलतं वाईट काही आत शिरू नये म्हणून, कोण बोलतं जीव बाहेर जाऊ नये म्हणून. मी दोन्हींसाठी वाजवते. पण त्या वेळी जांभई कोणीच दिली नव्हती.

"हे कोणी शिकवलं गं?"

"आत्याने."

"कुठे?"

"तिकडे. सगळे करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

ती ताटाकडे बघायला लागली. मग हळूच बोलली, "आत्या बोलली, सांगायचं नाही."

माझ्या हातातला भात तसाच गार झाला.

आत्या म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझी ननंद. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात, एका पतपेढीत कामाला आहेत. शिकलेल्या, बोलणं कसं स्वच्छ, साडीची पिन जागच्या जागी. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. त्या दर रविवारी दुपारी कल्याणला आमच्याकडे यायच्या आणि चारच्या सुमाराला माझ्या मुलीला फिरायला न्यायच्या. कुठे, तर काळा तलावावर. बदकं दाखवायला. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते, रविवारी बायका ब्लाउज-साड्या न्यायला येतात, त्यामुळे मला पण बरं वाटायचं, दोन तास हात मोकळे. असं मी स्वतःला सांगायची. खरं सांगायचं तर ते दोन तास माझ्या छातीवर कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं आणि त्या दोघी जिन्यात दिसल्या की मग श्वास सुटायचा.

कारण ताईंना माझी मुलगी पाहिजे होती.

हे मी उगाच बोलत नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी स्वतः विषय काढलेला, सगळे फराळाला बसलेले असताना. त्यांच्या घराजवळ चांगली शाळा आहे, इंग्लिश मिडियम, जूनमध्ये नर्सरीला घेतील, मुलगी त्यांच्याकडे राहील आणि शनिवार-रविवार आम्ही जायचं. मी चकली तळत होती, झारा हातातच राहिला.

"अभ्यास कोण घेणार इथे?" असं बोलल्या त्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी नववीत शाळा सोडलेली, सगळ्यांना माहिती आहे.

सासूबाई बोलल्या, "आत्याच आहे ना, खाणार आहे का तिला?"

आणि हे बोलले, "विचार करू." ह्यांचं 'विचार करू' म्हणजे काय ते मला माहिती आहे. गॅलरीला ग्रील लावू का विचारलेलं तेव्हा पण विचारच केलेला, आणि एक दिवस ग्रीलवाला दारात उभा.

त्या दिवसापासून मला झोप नाही. मी तशी पण घाबरट आहे. मुलगी झोपली की तिच्या नाकासमोर बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्यांचा मेसेज आला की दाराला वरची कडी लावते, मग तो मेसेज खोटा आहे असा दुसरा मेसेज आला तरी कडी काढत नाही. पण हे वेगळं होतं. इथे पळवणारी रविवारी दुपारी चपला काढून आत येणार, माझ्याच हातचा चहा घेणार.

आता चुटक्या. त्या चुटक्या मी आधी एकदा बघितलेल्या, म्हणून जास्त घाबरली.

आमच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरण होती. गिरणवाले काका गावाला गेले आणि त्या गाळ्यात एका बाईने कॅफे काढला. केस बारीक कापलेली, हातावर गोंदलेलं, गळ्यात मंगळसूत्र नाही, काय नाही. गाळा अजून गिरणीसारखाच, भिंतीच्या फटीतून पीठ निघतं, आणि आत लाकडी बाकडी आणि पिवळे दिवे. तिथे रविवारी संध्याकाळी कविता वाचतात आणि बाजा वाजवतात असं सगळे सांगायचे. माझा विश्वास नाही बसला. कविता शाळेत असते, घोकायची आणि पेपरात लिहायची. मोठ्या माणसांना कशाला लागते? खालच्या मजल्यावरची बाई बोलली, "अगं चेन मार्केटिंग असतं ते. आधी गोड बोलतात, मग साबण विकायला लावतात." तिची जाऊ बोलली, "साबण नाही, काहीतरी पंथ आहे. डोळे मिटून बसतात."

एकदा साड्या पोचवायला त्या गल्लीतून जाताना मी काचेतून बघितलं. एक दाढीवाला उभा, काहीतरी बोलत होता, ओरडत नव्हता, गात नव्हता. पंचवीस-तीस माणसं गप्प. त्याचं बोलून झालं आणि सगळ्यांनी एकदम चुटक्या वाजवल्या. टाळी एक नाही. नुसत्या चुटक्या, तीस माणसांच्या, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा आवाज. मी त्यांच्या तोंडांकडे बघितलं, कोण जांभई देतंय का. कोणीच नाही. मी पदर डोक्यावर घेतला आणि जी सुटली ती घरी आल्यावरच थांबली.

आणि आता माझी मुलगी तेच करत होती. म्हणजे बदकं वगैरे काही नाही. ताई तिला तिथे नेत होत्या.

मी ह्यांना लगेच सांगितलं नाही. मुलगी बोललेली ना, सांगायचं नाही. मला वाटलं, आधी आपल्या हातात काहीतरी पुरावा पाहिजे. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, सासूबाई मंदिरात गेल्या, तेव्हा मी कपाटातली फाइल काढली. शाळेत घालायला काय लागतं? जन्मदाखला. तो माझ्या ताब्यात असला म्हणजे कोण कुठे नेणार. फाइलमध्ये लाइट बिलं होती, ह्यांच्या दहावीची मार्कशीट होती, माझं लग्नाचं सर्टिफिकेट होतं, लसीचं कार्ड होतं. जन्मदाखला नव्हता.

मी सगळं घर उलटं केलं. गादी उचलली, देवांच्या फोटोमागे बघितलं. स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे एकेक खाली काढले, आणि तांदळाच्या डब्याखाली कागद सापडले. जुने, पिवळे पडलेले, वहीची पानं, निळ्या शाईने लिहिलेली. आधी वाटलं कोणाचा गृहपाठ. पण गृहपाठ असा नसतो. ओळ अर्ध्यात सोडलेली, खाली परत दोन शब्द, परत सोडलेली. एक शब्द चार वेळा. पान एवढं मोठं आणि मधोमध एवढंसंच लिहिलेलं. डब्याच्या बरोबर खाली ठेवलेलं, ज्या डब्यातला भात माझी मुलगी रोज खाते.

करणी आहे, दुसरं काही नाही. मी सांडशीने ते कागद उचलले, हात लावला नाही, आणि कॅरी बॅगमध्ये घालून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवले. जाळायची पण हिंमत नव्हती, जाळल्यावर काय होतं कोणाला माहिती.

संध्याकाळी ह्यांना बोलली, "दाखला नाही मिळत."

"कसला दाखला?"

"जन्माचा."

"असेल तिथेच. कुठे जाणार, पाय आहेत का त्याला?"

"ताई तिला काळा तलावावर नेत नाहीत. त्या गिरणीत नेतात."

हे हसले. "तू पोलिसात जायला पाहिजे होतीस. गिरणीत काय दळायला नेतील का?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पण आवाज वाढवायच्या आधी जरा थांबले, ते मी बघितलं.

पुढचा रविवार उजाडला. ताई तीन वाजता आल्या, मुलीसाठी हेअरबँड आणलेला. खांद्याला नेहमीची मोठी बॅग. बॅगेत प्लॅस्टिकचं फोल्डर होतं, वरून दिसत होतं. मी चहा दिला. देताना अर्धा चहा बशीत सांडला.

"वहिनी, बरं नाही का गं?"

"नाही, फॉल लावून लावून हात दुखतो."

"आम्ही बदकं बघून येतो हं."

"हो. या."

माझी मुलगी माझ्याकडे बघत पण नव्हती, आत्याचं बोट धरून उड्या मारत होती. दार लागलं. मी पन्नासपर्यंत आकडे मोजले, चाळिसाव्यालाच चप्पल घातली. एक बाई साडी न्यायला जिन्यात आली, तिला बोलली, "उद्या या, माझी पोरगी गेली." ती बिचारी "अगं बाई, कुठे?" करत राहिली, मी खाली.

रस्त्यावर त्या दोघी पुढे, मी मागे. तलावाचा रस्ता सरळ जातो. त्या डावीकडे वळल्या, गिरणीच्या गल्लीत.

मी बाहेर थोडा वेळ भाजीच्या गाडीआड थांबली, दहा मिनिटं तरी. भाजीवाल्याला डाउट आला, बोलला, "ताई, काकडी घ्यायची का लपायचंय?" मग मी सरळ दार ढकललं आणि आत शिरली. बाजूलाच ती कॅफेवाली उभी होती. मला वाटलं अडवेल. ती बोलली, "या ना, बसा," आणि बाकडं दाखवलं. मी बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जिथे आधी गहू टाकायची चौकोनी पेटी होती तिथे. अजून त्या कोपऱ्याला गरम पिठाचा वास येतो.

पहिल्यांदा मी माझी मुलगी शोधली. पुढेच होती, जमिनीवर गोधडीसारखं काहीतरी अंथरलेलं त्यावर. शेजारी एक म्हातारा, पितळेचा वाकडा बाजा वाजवत होता. त्या बाजाची मोठी पेटी उघडी होती आणि माझी मुलगी त्या पेटीत बसलेली, आतल्या लाल मखमलीवर, राणीसारखी, बिस्किट खात.

त्या म्हाताऱ्याला मी ओळखलं. माझ्या हळदीला बँड आलेला त्यात होता तो, लाल कोट आणि टोपी घालून, सगळ्यात पुढे. तेव्हा काय वाजवलेलं, बायका घामाघूम होईपर्यंत नाचलेल्या. इथे शर्टपँटमध्ये खुर्चीवर बसलेला आणि अशी काही सावकाश चाल वाजवत होता की नाचायला पण येणार नाही आणि झोपायला पण. बाजूला एक मुलगी माणसाएवढं मोठं व्हायोलिनसारखं धरून बोटाने तारा ओढत होती, धुम, धुम. म्हातारा एक चाल धरायचा आणि दोनदा वाजवून झाली की सोडूनच द्यायचा. कुठच्या कुठे जायचा. माझा जीव वर यायचा, विसरला, आता सगळे हसणार. कोणी हसायचं नाही. तो लांबलांब जायचा, खाली उतरायचा, वर चढायचा, आणि मला वाटायचं आता नाही येत हा परत. आणि मग अचानक तीच चाल, पहिल्यापासून. मला एकदम रडू आलं, का ते कळलं नाही, डोळे पुसले.

मी कॅफेवालीला हळू आवाजात विचारलं, "ते विसरतात का मधेच?"

ती बोलली, "नाही हो, जॅझ असंच असतं. त्यांनाच विचारा नंतर."

"आणि ह्या चुटक्या?"

"टाळ्यांचा आवाज मोठा होतो, कविता वाचणारा बिचकतो. म्हणून चुटक्या. कुठूनतरी आलेली पद्धत आहे, आम्ही उचलली."

म्हणजे एवढंच. तरी मी तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, खोटं बोलते का.

बाजा थांबला आणि ताई उठल्या. माझी ननंद. माइकसमोर. हातात फोल्डर. मला वाटलं आता काहीतरी विकणार. त्यांनी फोल्डर उघडलं, त्यातून कागद काढला, आणि त्या कागदाच्या मागे मला तो दिसला. आमच्या महापालिकेचा गोल शिक्का, कोपरा जरा फाटलेला, तो मीच सेलोटेपने चिकटवलेला. माझ्या मुलीचा जन्मदाखला.

मी ओरडणार होती. तोंड उघडलं पण होतं. पण तीस माणसं एकदम गप्प झाली आणि माझा आवाज आतच राहिला. ताई वाचायला लागल्या. मान वर केली नाही, नाहीतर मी दिसली असती. ती कविता माझ्याकडे आहे, नंतर मी मागून घेतली, म्हणून जशीच्या तशी लिहिते.

*फॉर्मवर एक ओळ असते, आईचं नाव.*
*वडिलांच्या नावाखाली असते,*
*तेवढीच लांब, तेवढीच रिकामी.*
*मी नवीन पेन घेतलं.*
*मुलीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली,*
*दाखल्यावरून बघून, एकेक आकडा.*
*मग त्या ओळीत माझं नाव लिहिलं.*
*माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.*
*नाव इतकं छान बसलं त्या ओळीत*
*की मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बघत बसले.*
*ऑफिसात पंखा चालू होता.*

*जिच्या घरून हा दाखला आला*
*ती झोपलेल्या मुलीच्या नाकासमोर बोट धरते,*
*श्वास चालू आहे ना ते बघायला.*
*मी एकदा झोपेचं सोंग घेऊन पाहिलं.*
*तिच्या बोटाला श्वास लागला, मग तिने स्वतःचा घेतला.*

*फॉर्म मी फाडला.*
*दाखला अजून माझ्याकडेच आहे.*

चुटक्या सुरू झाल्या. पत्र्यावर वाटाणे. माझी मुलगी पेटीत उभी राहून दोन्ही हातांनी वाजवत होती, सगळ्यात जास्त जोरात, आवाज न करता.

मला वाटलेलं की माझा डाउट खोटा निघेल आणि मी स्वतःलाच हसेन. खोटा नव्हता. अक्षरन् अक्षर खरा होता. ताईने माझ्या जागी स्वतःचं नाव लिहिलेलं आणि बघत बसलेली. आणि हे ती मला नाही, ह्यांना नाही, आईला नाही, ह्या गोंदलेल्या लोकांना सांगत होती आणि ते तिला चुटक्या वाजवत होते.

मी पुढे गेली. ताईंनी मान वर केली आणि मी दिसली. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं पडतात की काय. मी हात पुढे केला.

"द्या."

त्यांनी लगेच दिला. दाखला माझ्या हातात आला तेव्हा त्यांच्या हाताचा घाम लागलेला होता त्याला. मी मुलीला उचललं आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. त्या मागोमाग आल्या. आत म्हाताऱ्याने परत सुरू केलं, बरं झालं, आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही.

"वहिनी, मी फाडला तो फॉर्म. खरंच फाडला."

"ऐकलं मी."

"तू चोरासारखी मागे आलीस?"

"चोर मी? तुम्ही बदकं सांगून इथे आणता. माझ्या पोरीला खोटं बोलायला शिकवता. कपाटातून दाखला काढता."

"मी काढला नाही. त्याने दिला. मी झेरॉक्स काढायला मागितला, त्याने दिला."

म्हणजे पाय होते त्याला. माझ्या नवऱ्याचेच होते.

"आणि इथे येता ते का लपवता?"

त्या पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. साडीला पीठ लागलं, बघितलं पण नाही. "आईला कळलं तर परत सुरू होईल. मूल नाही, आणि हिला कविता सुचतात. मी अकरावीत होते, वही भरलेली होती माझी. आईने फाडून डब्यांखाली घातली. कागद जाड आहे बोलली, मांडणीला गंज नाही धरणार."

मी विचारलं, "निळी शाई?"

"हो. का?"

"करणी समजून मी सांडशीने उचलले. गॅलरीत ठेवलेत, झाडूच्या मागे."

ताई हसायला लागल्या, मग हसता हसता रडायला लागल्या, आणि मुलगी माझ्या मांडीवरून त्यांच्याकडे बघून बोलली, "आत्या, बदकं नाय ना?" मला हसू नाही आलं. मला अजून राग होता. पण वीस-बावीस वर्षं ते कागद तांदळाच्या डब्याखाली होते आणि रोज त्यांच्या आईनेच तो डबा उचललेला, हे माझ्या डोक्यातून जाईना.

"मी आता येणार नाही," त्या बोलल्या. "तुला त्रास."

खरं म्हणजे मला तेच पाहिजे होतं. हो बोलायचं, उठायचं, घरी जायचं, वरची कडी लावायची. मी माझ्या मुलीकडे बघितलं, तिने आत्याच्या बोटातली अंगठी धरलेली.

"इथेच शाळा बघितली आहे मी," मी बोलली. "दोन गल्ल्या सोडून. मराठीच आहे. फॉर्म आणलाय, पण मला भरता येत नाही सगळा. कुठे काय लिहायचं कळत नाही." हे सांगताना मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. "तुम्ही भरा. पण इथे, माझ्यासमोर. आणि पोरगी कुठे जाणार नाही. ते आजच बोलून टाका, घरी, सगळ्यांसमोर."

त्या हो बोलल्या. आणि बोलल्या पण, घरी येऊन, चपला काढता काढता. "मुलगी इथेच राहील, मी उगाच बोलले दिवाळीत." सासूबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच बोललेली." त्या तेव्हा बरोबर उलटं बोललेल्या. हे बोलले, "मी कुठे काय बोललो, मी तर विचार करू बोललेलो." मी दाखला हातात धरून उभी होती, ह्यांनी बघितला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवसापासून तो दाखला तांदळाच्या डब्यात आहे. डब्याखाली नाही, डब्यात, तांदळाच्या मधोमध, दोन पिशव्या घालून. खालचे कागद ताई घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी त्या कॅफेत गेलो, ताई मुलीला घेऊन पुढे नाही, तिघी एकत्र. टेबलावर फॉर्म ठेवला. ताईंचं अक्षर खरंच चांगलं आहे, छापल्यासारखं. मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव. मग त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी लिहिलं. नववीनंतर मी किराणाच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही. शेवटचं अक्षर ओळीच्या खाली उतरलं आणि बाजूच्या चौकोनात घुसलं. ताईंनी तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलणार, परत लिही. बोलल्या नाहीत. शाई वाळेपर्यंत मी हात वर धरून ठेवला.

तेवढ्यात तो बाजेवाला पाणी प्यायला आला. मी विचारूनच टाकलं, "काका, तुम्ही मधेच चाल सोडून कुठे जाता?"

"सोडत नाय ओ ताई. जरा फिरून येतो."

"आणि परत यायला नाही जमलं तर?"

"मग ती आहे ना," म्हणून त्याने त्या मोठ्या व्हायोलिनवाल्या मुलीकडे बोट केलं. "ती जागा सोडत नाय. ती धरून असते म्हणून मी फिरतो." आणि मग माझ्याकडे नीट बघून बोलला, "तुमच्या हळदीला होतो मी. तुम्ही एकट्याच नाचत नव्हता, रडत होता."

आता मुलगी पहिलीत आहे. ताई अजून रविवारी येतात, सासूबाईंना अजून बदकंच सांगतो आम्ही, आता मी पण सांगते. माझा डाउट गेला का? नाही गेला. ताई मुलीची वेणी घालतात तेव्हा मी शिलाई सोडून बघत असते, आणि त्यांना पण माहिती आहे की मी बघते.

त्या फॉर्मच्या दिवशी संध्याकाळ व्हायला आलेली, म्हातारा त्याच्या त्या फिरण्यात कुठेतरी लांब गेलेला, मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये बाकड्यावर पेंगत होती. तिने तोंड उघडलं, मोठी जांभई दिली. माझा हात तिच्या तोंडासमोर गेला आणि दुसऱ्या बाजूने ताईंचा हात पण आला. दोघींनी एकदमच चुटकी वाजवली. पुढच्या बाकड्यावरच्या दाढीवाल्याला वाटलं बाजासाठी वाजवली, त्याने पण वाजवली, मग सगळ्यांनी.

माझी आधी वाजली. मला तरी तसंच वाटतं.